थांबरेघ

कागदावरून चालायचं तर चपला बाहेर काढायच्या, हा दुर्गे बाईंचा नियम होता. आमच्या धरणाच्या सगळ्या कामांचा आराखडा त्या कागदावर होता आणि तो मावेल असं टेबल सबंध ऑफिसात नव्हतं. म्हणून बाई तो व्हरांड्यात फरशीवर पसरत, कोपऱ्यांवर दगड ठेवत आणि अनवाणी त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. हातात लाल-निळी पेन्सिल. मध्येच थांबत, वाकून बघत आणि मान वर न करता विचारत, "याच्या आधी काय?"

त्यावरून ऑफिसात त्यांचं नाव 'आधीकाय बाई' पडलं होतं. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, नुकते कुठे कुठे कॉम्प्युटर यायला लागले होते तेव्हाची. पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला, एका लहानशा नदीवर मातीचं धरण बांधायचं काम चाललं होतं. आमचं ऑफिस चंद्रपुरात. मी तिथं आरेखक, म्हणजे दुसऱ्यांच्या डोक्यातलं शाईनं कागदावर उतरवणारा. वनमाला दुर्गे या नियोजन शाखेच्या कनिष्ठ अभियंता. घर बाबूपेठेत, वडील माजरीच्या कोळसा खाणीत फिटर. घरातली पहिली डिप्लोमावाली मुलगी. यापुढचं त्यांचं चरित्र मला सांगायचं नाही. मला राग आलेला आहे, इतक्या वर्षांत तो उतरलेला नाही, म्हणून मी हे लिहायला बसलोय.

बाईंनाही राग यायचा. यायचा म्हणजे काय, तो मुक्कामालाच असायचा. 'साधारण' या शब्दाचा त्यांना विशेष राग. कुणी म्हणालं, "बाई, साधारण पुढच्या महिन्यात होऊन जाईल," की त्या पेन्सिल अंबाड्यात खोचत. ही धोक्याची खूण. "साधारण नावाचा महिना कोणता? चैत्र, वैशाख, साधारण?" समोरचा कंत्राटदार असो नाहीतर उपअभियंता, सुटका नसे. एकदा दिवाळीत कंत्राटदाराचा माणूस मिठाईचा खोका घेऊन आला. बाईंनी खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आधी काय?" त्यांनी विचारलं.

"आधी काय म्हणजे? दिवाळी आहे बाई, तोंड गोड करा."

"नाई. आधी पिचिंगचे दगड. धरणाच्या पोटाले दगड लागले नाई अजून, अन् तुमी माह्या तोंडाले मिठाई लावून राह्यले."

खोका परत गेला. आम्हाला वाईट वाटलं, कारण वरून काजूकतली दिसत होती.

असा आराखडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक काम म्हणजे एक बाण. बाणावर कामाचं नाव, खाली त्याला लागणारे दिवस. बाण संपतो तिथं एक गोल, आणि त्या गोलातून पुढचे बाण निघतात. गोलात येणारे सगळे बाण पोचल्याशिवाय पुढचा बाण निघायचा नाही, एवढाच त्यातला कायदा. पण काही बाण असे असतात की त्यांच्यावर कामच नसतं. दिवस शून्य. ते तुटक रेघेनं काढतात. अमुक झाल्याशिवाय तमुक सुरू करू नका, एवढंच ते सांगतात. पुस्तकात त्यांना डमी म्हणतात. बाईंना तो शब्द खपत नसे. त्यांनी आपला शब्द काढला होता, थांबरेघ. मला सांगायच्या, "वासेकर भाऊ, बाकीच्या रेघा जराशा हलल्या तरी चालन. थांबरेघ ठसठशीत काढा. ते दिसली नाई का माणसं मरतात."

मी त्या लाल शाईनं काढत असे.

एकदा नागपूरहून फार मोठे अधिकारी आले. व्हरांड्यात कागद पसरलेला. ते बुटांसकट सरळ त्याच्यावर चढले. मागे आमचे कार्यकारी अभियंता, ज्यांना आम्ही 'मोठे साहेब' म्हणत असू, आणि त्यांच्यामागे बाकीची फौज.

"साहेब, बूट," बाई म्हणाल्या.

"कागदच आहे ना हो?"

"हो. अन् त्याच्यावर तुम्ही आता घळीत उभे आहात. पावसाळ्यात तिथून नदी वाहते."

मातीचं धरण बांधताना नदीच्या पात्राएवढी जागा मोकळी सोडतात, पुराचं पाणी जाऊ देण्यासाठी. ती घळ. बाकी सगळं झालं की शेवटच्या वर्षी, एका उन्हाळ्यात, ती बुजवतात. त्याला घळभरणी म्हणतात. घळ एकदा भरली की पावसाळ्यात पाणी साठणारच, मग ते परत फिरवता येत नाही. मोठे अधिकारी हसले, दोन पावलं मागे सरकले, पण बूट त्यांनी काढले नाहीत. त्यांच्या टाचेचा ठसा कागदावर उमटला. मी रबर घेऊन गेलो तर बाईंनी हात धरला.

"राहू द्या. कोण कुठी उभं होतं ते कळलं पाह्यजे."

धरणाच्या पाण्यात एक गाव जाणार होतं. हिरडीटोला. पाचपन्नास घरं, बरीचशी गोंडांची, काही बौद्धांची. त्यांच्यासाठी वरच्या माळावर नवं गावठाण आखलं होतं. माळ छान सपाट होता, आणि त्यावर पाण्याचा एक थेंब नव्हता. म्हणून आराखड्यात आधी विहीर, विहिरीला पाणी, मग घरांचे चौथरे, मग गाव हलवणं अशी बाणांची एक ओळ होती. आणि त्या ओळीच्या शेवटापासून घळभरणीपर्यंत एक लांबलचक लाल तुटक रेघ. गाव पाण्याच्या सोयीसकट वर बसल्याशिवाय घळ बंद करायची नाही. ती रेघ कुणी वरिष्ठांनी सांगून घातली नव्हती. बाईंनी घातली होती आणि भांडून मंजूर करून घेतली होती.

हिरडीटोल्याला त्या मला घेऊन गेल्या, आराखड्याची गुंडाळी माझ्या खांद्यावर. अशी पद्धत कुठल्या खात्यात नव्हती. गावकऱ्यांना नोटीस द्यायची असते, आराखडा दाखवायचा नसतो. बाईंनी मोहाच्या झाडाखाली शेणानं सारवलेल्या जागेवर तो पसरला आणि म्हणाल्या, "या. याच्यावर चाला." कुणाला सांगायला लागलं नाही, माणसं आधीच अनवाणी होती. बायका, म्हातारे, पोरं त्या बाणांवरून फिरली. बाई पुढे चालत आणि वाचून दाखवत. सकवारबाई मडावी नावाची एक म्हातारी लाल रेघेशी येऊन थांबली. गावात तिच्या शब्दाला मान होता, बाप्ये तिला विचारल्याशिवाय बोलत नसत.

"हे अशी तुटकी काऊन?" तिनं विचारलं.

"ते काम नाई करत, बाई. नुसती आडवी बसते. इकडचं झाल्याबिगर तिकडचं होऊ देत नाई."

"म्हंजे आमच्या हिरीले पाणी नाई लागलं, तं तुमची भित नाई जुळत?"

"नाई जुळत."

"अन् कोणी जुळवली तं? कोणाच्या भरोशावर बसाचं आमी?"

"माह्या," बाई म्हणाल्या.

 म्हातारी रेघ ओलांडून न जाता तिच्या कडेकडेनं चालत गेली. गावानं हलायला होकार दिला तो त्या दिवशी. खात्यानं मात्र तो आपल्या समजावणीचा विजय म्हणून वर कळवला.

मग कॉम्प्युटर आला.

त्याआधी आमचा आराखडा नागपूरच्या एका मोठ्या यंत्रावर चालायचा. बाणाच्या शेपटीच्या गोलाचा नंबर, टोकाच्या गोलाचा नंबर आणि दिवस, असं प्रत्येक बाणाचं एक कार्ड टोचून पाठवायचं, आणि मग यंत्राच्या सवडीनं कागदांचा गठ्ठा परत यायचा. मोठ्या साहेबांना स्वतःचं यंत्र हवं होतं. ते आलं. त्याच्यासाठी स्टोअरची खोली रिकामी केली, गालिचा घातला, एअरकंडिशनर बसवला. आमच्या ड्रॉइंगच्या खोलीत पंखा मागून मागून आम्ही थकलो होतो. आणि दारावर पाटी लागली: 'पादत्राणे बाहेर काढावीत.' मोठे साहेब बूट काढून, मोज्यांवर, देवघरात जातात तसे आत जायला लागले. नागपूरचे तेच मोठे अधिकारी उद्घाटनाला आले आणि दारात वाकून त्यांनी स्वतःच्या हातानं नाड्या सोडल्या.  मला त्या क्षणी त्या यंत्रावर वरवंटा घालावासा वाटला होता, खोटं कशाला बोलू?

यंत्राबरोबर नवा प्रोग्राम आला, आणि जुना आराखडा त्याच्यात उतरवायला एक सल्लागार आले. टाय बांधलेले, बोलायला गोड. अडचण अशी होती की जुन्या प्रोग्रामला बाण समजायचे आणि नव्याला चौकोन. नव्यात प्रत्येक काम एक चौकोन, आणि त्याच्यापुढे लिहायचं की याच्या आधीची कामं कोणती. बाई हे ऐकून खूश झाल्या. खरोखर खूश. "हे तं माह्यासारखंच विचारते," त्या म्हणाल्या. यंत्र चालवायला दिलेले आमचे शेखभाई, मूळचे टायपिस्ट, हसून म्हणाले, "बाई, अब ऑफिस में दो आधीकाय हो गए." तोंडावर म्हणणारा तो पहिला माणूस, आणि बाई चक्क हसल्या.

सल्लागारांनी जुनी यादी नव्यात घातली. यंत्रानं शून्य दिवसांच्या सगळ्या ओळी चूक म्हणून परत फेकल्या. ज्या कामाला दिवस लागत नाही ते काम कसलं, असा त्याचा हिशेब. यंत्राला मी दोष देत नाही, त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण सल्लागारांनी काय करावं? त्या ओळी कशाच्या आहेत हे पलीकडच्या खोलीत येऊन बाईंना विचारावं. मध्ये एक भिंत होती. ते आले नाहीत. त्यांनी त्या ओळी गाळून टाकल्या आणि सांगितलं, यादीत फार कचरा साठला होता, साफ केला. सगळ्या थांबरेघा गेल्या. प्रत्येक कामाची ओळ आपापली सुटी झाली, कुणाला कुणासाठी थांबायचं कारण उरलं नाही. आणि धरण वर्षभर आधी पूर्ण होणार असा छापील कागद बाहेर आला.

मोठ्या साहेबांनी पेढे वाटले. त्याच दुपारी वरच्या ऑफिसला तार गेली.

बाईंनी पेढा हातात धरून तो कागद वाचला. पेढा टेबलावर ठेवला. पेन्सिल अंबाड्यात गेली. चपला दारात काढून त्या थंडगार खोलीत शिरल्या, आम्ही दाराशी.

"घळभरणी याच उन्हाळ्यात दाखवली आहे," त्या म्हणाल्या. "हिच्या आधी काय?"

सल्लागारांनी यंत्रात बघितलं. "सांडवा. तो झालाय. दरवाजे, तेही झालेत. आणखी काही नाही."

"गाव?"

"गावाची ओळ वेगळी आहे, मॅडम. तिचा याच्याशी संबंध नाही."

"संबंध नाई?" बाईंचा आवाज असा चढला की बाहेर सायकल लावणारा शिपाई थांबला. "गाव बुडणार कशात, तुमच्या पेढ्यात?"

मोठे साहेब मध्ये पडले. शांतपणे, समजूत घातल्यासारखे बोलले, आणि म्हणूनच ते वाक्य मी विसरलो नाही. "बाई, तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत अन्याय दिसतो. सवय आहे ती तुमची."

 शेखभाईंनी मान खाली घातली.

"मले अन्याय नाई दिसून राह्यला, साहेब," बाई सावकाश म्हणाल्या. साहेबांशी त्या एरवी पुस्तकी मराठीत बोलत, त्या दिवशी बोलल्या नाहीत. "मले एक रेघ दिसून राह्यली. ते आधी होती, आता नाई. ते कुठी गेली, एवढंच सांगा."

आणि मग त्यांनी काम केलं. नुसत्या ओरडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मी व्हरांड्यात माझा शाईचा आराखडा पसरला. बाई त्याच्यावरून चालत एकेक थांबरेघ मोठ्यानं वाचायच्या, मी ती धावत जाऊन शेखभाईंना सांगायचो, आणि ते त्या कामाच्या चौकोनापुढे 'आधीची कामं' या रकान्यात नंबर टाइप करायचे. शून्य दिवसांची वेगळी ओळ लागतच नव्हती. तो रकाना त्याच्यासाठीच होता. सल्लागारांना तो माहीत नव्हता असं नाही, त्यांना घाई होती. सगळ्या रेघा बसल्यावर शेखभाईंनी बटण दाबलं. प्रिंटर खडखडत राहिला. धरण पुन्हा आपल्या जुन्या तारखेवर आलं आणि घळभरणी पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेली. बाईंनी तो कागद हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा मऊ झाला होता. "बघा वासेकर भाऊ, खरं सांगतलं तं हेही खरं सांगते."

तो कागद घेऊन त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. आता त्यांच्या टेबलावर दोन कागद होते. एकाच यंत्रातून आलेले, एकाच खोलीतले. एकात गाव होतं, एकात नव्हतं. साहेबांनी दोन्ही वाचले. त्यांना समजलं नाही असं कुणी म्हणू नये, ते हुशार अभियंता होते, धरणं बांधत त्यांचे केस पांढरे झाले होते.

"तारीख वर गेली आहे, बाई," ते म्हणाले. "घळभरणीच्या पूजेला पाहुणे ठरलेत. वर गेलेली तारीख खाली येत नसते." आणि बाईंचा कागद त्यांनी घडी घालून खणात टाकला.

लोक अजून म्हणतात की कॉम्प्युटरनं घोळ केला. मी हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. यंत्रानं रेघा गाळल्या त्या एकदा, अडाणीपणानं. त्या जोडून दिल्यावर दुसऱ्यांदा ज्यानं गाळल्या तो माणूस होता. त्याला दोन डोळे होते आणि वाचायला चष्मा होता.

नव्या गावठाणातली विहीर तोवर काळ्या खडकापर्यंत गेली होती आणि तिथंच अडली होती. सुरुंग लावायचे होते, त्याची मंजुरी कुठल्यातरी टेबलावर पडून. हिरडीटोल्याला नोटीस गेली की पावसाळ्यापूर्वी गाव खाली करा, पाण्याची व्यवस्था 'यथावकाश' होईल. 'साधारण'चाच हा सरकारी भाऊ. बाईंना गावात जायची तोंडी मनाई झाली. त्या दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं गेल्या. मीही गेलो. या वेळी खांद्यावर गुंडाळी नव्हती.

सकवारबाई मोहाच्या झाडाखाली टोपलीतली फुलं निवडत बसली होती. तिनं बसा म्हटलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "आधी काय?"

त्यांचाच प्रश्न, त्यांच्याच आवाजात. दुर्गे बाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता सांगतील सगळं. सल्लागार, नवा प्रोग्राम, खणातला कागद. सांगितलं असतं तर म्हातारीला पटलंही असतं, कारण कचेरीतली माणसं कशी असतात ते तिला कुणी शिकवायला नको होतं. मी स्वतःच तोंड उघडलं होतं. बाईंनी हातानं मला थांबवलं.

"आधी हीर," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"माह्याच्यानं नाई झालं, बाई. शब्द मी देल्ला होता. माह्याच्यानं नाई झालं."

म्हातारीनं टोपली बाजूला सारली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. बाईंनी शिव्या खायची तयारी केली होती, ते मला दिसत होतं. "ते रेघ," सकवारबाई म्हणाली, "ते कागदावरून गेली ना? का गावातूनबी गेली?"

  परतीच्या एस.टी.त दुर्गे बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मला शेवटी जे सांगायचंय ते निवांत सांगता येईल. त्या उन्हाळ्यात घळ भरली गेली नाही. भरणीत दिवसांचा असा खाडा पडला की कंत्राटदारानंच हात वर केले. अर्धवट उंचीची भरणी पहिल्या पुरात वाहून जाते आणि खालची गावं घेऊन जाते, हे त्यालाही कळत होतं. पुढच्या हिवाळ्यात विहिरीला सुरुंग लागले आणि पाणी लागलं. गावासाठी लागले असं समजू नका. कंत्राटदाराच्या मजुरांच्या छावणीला पाणी कमी पडत होतं, म्हणून मंजुरी सुटली. हिरडीटोला पाणी पिऊन वर बसला, मग घळ भरली. अगदी बाईंच्या आराखड्याप्रमाणे. अहवालात उशिराचं कारण 'संगणकीय त्रुटी' असं आलं. मोठ्या साहेबांना बढती मिळाली. आणि दुर्गे बाईंवर गावकऱ्यांना चिथावल्याबद्दल चौकशी बसली आणि त्यांची रवानगी पार टोकाच्या सिरोंच्याला झाली. त्या ऑफिसात परत आल्या नाहीत, सामान न्यायलासुद्धा. चौकशीत त्यांना विचारलं होतं म्हणे, चूक यंत्राची होती हे तुम्हाला मान्य आहे का? मान्य म्हटलं असतं तर सगळ्यांचंच निभावलं असतं, त्यांचंही. त्या नाही म्हणाल्या. शेखभाईंनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं त्या पाटीच्या दाराशी उभे होतो, आणि पाटी काढून फेकावी असं दोघांच्याही मनात आलं असणार. फेकली नाही. नोकरी होती.

आता शेवटचं.

घळभरणीच्या पूजेचा दिवस, त्याच पहिल्या उन्हाळ्यातला. पात्र कोरडं पडलेलं, दोन्ही बाजूंना धरणाच्या मातीच्या भिंती, मध्ये घळ. मांडव, खुर्च्या, नारळ, मातीनं भरलेली ट्रकांची रांग. आम्हा ऑफिसच्या लोकांना सकाळीच जीपमधून आणलेलं. पाहुणे यायला अवकाश होता. आणि वळणावरून हिरडीटोला आला. घोषणा नाहीत, झेंडा नाही. बायका पुढे, डोक्यावर पाणी भरायचे रिकामे गुंड. त्या घळीत उतरल्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीकडे बसत गेल्या. एक बाई, मग मोकळी जागा. एक म्हातारा, मग मोकळी जागा. मला आधी वाटलं, सावलीसाठी अशी लांब लांब बसतायत. पण तिथं सावली नव्हती. मग माझ्या लक्षात आलं. ती रेघ मी शाईनं इतक्या वेळा काढली होती. तुटक, आडवी, काम न करता नुसती बसलेली.

बाईंनी त्यांना हे सांगितलं नव्हतं. मी हे शपथेवर सांगतो, चौकशीतही सांगितलं. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा मी बघितला. त्यांना माहीत असतं तर तो तसा झाला नसता.

मोठे साहेब घामाघूम होऊन धावत आले. "बाई, तुमचं ऐकतात ही माणसं. यांना उठवा. आधी यांना उठवा, मग काय ते विहिरीचं बघू."

"आधी?" बाई म्हणाल्या.

त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली. वाकून चपला काढल्या, साहेबांच्या बुटांशेजारी नीट जोडून ठेवल्या. पात्रातली वाळू तापलेली होती, पाय भाजत असणार. त्या घाई न करता उतरल्या आणि ओळीच्या कडेनं चालत गेल्या, एकेकीकडे बघत, व्हरांड्यात चालत तशाच. पलीकडच्या भिंतीशी, शेवटच्या गुंडाच्या पुढे, एका माणसाची जागा उरली होती. सकवारबाई तिथून जवळच बसलेली. ती सरकली नाही की तिनं या म्हटलं नाही, मधली, आपल्या लगतची जागा तेवढी हातानं झाडून साफ केली.

"नाई. हिच्या पुढे," बाई म्हणाल्या. "मध्ये जागा सोडा लागते."

आणि जागा सोडून त्या पलीकडे खाली बसल्या.